ग्रीन व्हॅलीतलं पहिलं घर

१ मार्च, सकाळ

रागिणीनं ही डायरी देली. कृषी केंद्राची आहे, दर पानाखाली खताची जाहिरात. म्हणे आजी, रोज चार ओळी लिहीत जाय, डोकं चालू राहते. माहं डोकं चालूच आहे, पण नातीचं मन मोडू नये. रागिणी म्हणजे माह्या श्यामची पोरगी. श्याम अकोल्याले बँकेत आहे. पोरगी अथी अमरावतीत इंजिनीअरिंग शिकते, सिव्हिलचं, अन् माह्यापाशी राहते. ती मले सांभाळून राहिली असं तिले वाटते. वाटू द्यावं.

हे मी कोणाले सांगून राहिली? माहीच डायरी, अन् श्याम कोण ते मलेच माहीत नाही का? पण चवथीनंतर पहिल्यांदाच लिहून राहिली, होईल सवय.

तर. आमच्या वावराचा ले-आउट झाला. नत्थुजी, म्हणजे आमचे हे, गेल्यावर कुलदीपसेठनं वावर घेतलं, प्लॉट पाडले, कमान बांधली, नाव ठेवलं ग्रीन व्हॅली. श्यामनं सही केली, मीबी केली. मले काही वाटलं नाही. एक प्लॉट आपल्यासाठी ठेवून घेतला, तो मी सोता निवडला. विहिरीपाशी, जथी बैलायचा गोठा होता. कुलदीप म्हणे काकू तो नका घेऊ, वरतीचा घ्या, कॉर्नरचा. मी म्हणलं, भर उन्हाळ्यात बी तथी ओल राहे, बैलं सुखानं बसत. बैलाले अक्कल असते.

साऱ्या ले-आउटमंदी पहिलं घर माहं. बाकी आता बांधून राहिले.

काल श्यामचा फोन. तेच जुनं गाणं. तथी झाड नाही, नाली नाही, बस नाही, मांगच्या पावसाळ्यात पाणी पायरीपर्यंत आलं होतं, अकोल्याले चाल. शेवटी बोली झाली. या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तर मी मुकाट्यानं अकोल्याले जाईन. नाही शिरलं तर त्यानं पुन्हा हा विषय काढायचा नाही. दोघायनं देवाची शपथ घेतली, फोनवर.

श्यामचं घर तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून समोरच्याची वाळत घातलेली चड्डी दिसते. दुसरं काही दिसत नाही.

ठरवलं. बगिचा, नाली, बस. मृगाच्या आत तिन्ही करून दाखवीन.

२ मार्च

शुगरनं पाय बधिर आहेत. काल देवळात गेली तर एक चप्पल रस्त्यात कुठं निघून गेली, समजलंच नाही. पुजाऱ्यानं सांगतलं. डॉक्टर म्हणे रोज पाय डोळ्यानं पाहत जा, काटा लागला तरी तुमाले कळणार नाही. दुखत नाही हा केवढा फायदा, पण डॉक्टर लोकायले चांगलं काही दिसतच नाही.

५ मार्च, दुपार

कुलदीप नकाशा घेऊन आला. त्यात मधात एक हिरवा चौकोन. म्हणे काकू हा ओपन स्पेस, अथी गार्डन येणार. मी नकाशा उलटा पकडला होता, हे रागिणीनं सांगतलं. तरी हिरवा तो हिरवाच.

हा चौकोन म्हणजे माह्या घराच्या बाजूची जागा, जथी विहीर होती. विहीर बुजवली तवा मी उभी होती. दोन दिवस ट्रॉल्या रिकाम्या होत होत्या. मले काही वाटलं नाही. चहा करून देला ट्रॅक्टरवाल्यायले. आता तथी मोठा खोलगट खड्डा आहे, बाभळी अन् बेशरम माजली आहे.

रागिणी म्हणे आजी, खड्डा तसाच राहू दे. साऱ्या ले-आउटचा उतार इकडं आहे, पावसाचं पाणी तथी थांबेल अन् हळूहळू जिरेल. त्यात गवत लाव, तोच बगिचा. तिले म्हणलं, पोरी, खड्ड्यात कोणी बगिचा करते का? लोक म्हणतील मनकर्णाबाईनं बगिचा केला अन् लेकरं त्यात पडले. कुलदीप लगेच माह्याकडून झाला. म्हणे काकू बरोबर बोलून राहिल्या, भरून टाकू. पहिल्यांदा तो माणूस माहं ऐकून राहिला.

रागिणीले विचारलं, व्हॅली म्हणजे काय वं? म्हणे दोन उंच जागांच्या मधली खोल जागा. म्हणजे लवण! आमचे हे या पट्टीले लवणच म्हणत. म्हणजे कुलदीपनं खोटं नाव नाही ठेवलं. माणूस सरळ आहे.

८ मार्च

महिला दिन. प्रमोदिनी मॅडमच्या नव्या घरी सत्कार, म्हणजे त्यायचा आता नुसता पाया खोदला आहे, बाजूले ताडपत्रीखाली सतरंजी टाकली. मॅडम परतवाड्याच्या शाळेतून रिटायर. बोलणं पुस्तकातलं. म्हणे मनकर्णाबाई, आपण उद्यान समितीच्या अध्यक्षा व्हावं असं सर्वांचं एकमत आहे. सर्व म्हणजे त्या, मी अन् डोमाजी. डोमाजी झोपून राहिले होते.

डोमाजी म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. माह्या समोरच त्यायचं बांधकाम. मी त्यायले उठवलं अन् सल्ला देला. म्हणलं, अध्यक्ष झाली तर काही तरी बोललं पाहिजे. भाऊ, प्लिंथ उंच घ्या. माहं घर पहिलं, मले सांगायले कोणी नव्हतं. तुमी चुकू नका. घर असं पाहिजे का पाहुणा चढून आला पाहिजे. मॅडमलेबी तेच सांगतलं. दोघायलेबी पटलं. डोमाजी म्हणे, मनकर्णाबाई, तुमी आमदार पाहिजे होत्या.

आलूपोंगे होते. दोनच खाल्ले. शुगर.

१६ मार्च

मुरूम येऊन राहिला. मी सकाळी खुर्ची टाकून बसते अन् ट्रॉलीवाल्याले हात दाखवते, इकडं टाक, तिकडं टाक. ग्रुपवर रागिणीकडून मेसेज टाकला का ज्याच्या घरी बांधकामाचा मलमा असेल त्यानं बगिच्यासाठी दान करावा. लोकायचं मन मोठं आहे. फुटक्या फरशा आल्या, जुन्या विटा आल्या, एका जणानं कमोड आणून टाकला. त्यात मनीप्लांट लावायचा विचार आहे.

रागिणी म्हणे मेसेज मी टाकला, पण मी याच्या विरोधात आहे हेबी लिहून ठेव. लिहून ठेवलं.

२ एप्रिल

खड्डा भरला. नुसता भरला नाही, माह्या अंगणापेक्षा वर गेला. रोलर फिरवला. असा पक्का झाला का कुदळ मारली तर ठणकन वाजते.

झाडं लावली. जांभूळ, कडुनिंब, पारिजात. कुदळीनं नाही झालं, डोमाजीच्या मिस्त्रीनं ड्रिलनं भोकं पाडून देले. झाडाले ड्रिल मी जलमात पहिल्यांदा पायला.

बगिचा कसा असते ते पाहायले मॅडमनं मांगच्या रविवारी आम्हाले सेमाडोहले नेलं होतं, ते लिहायचं राहिलं. जंगल चांगलं आहे. पण लेव्हल नाही. कुठं वर, कुठं खाली, नाले आडवेतिडवे. वाघ नाही दिसला. अकोल्याची एक बोलेरो दिसली, त्यातल्या बाईची चौकशी केली तर ती श्यामच्याच कॉलनीतली निघाली! म्हणे तुमच्या सुनेनं तुमच्यासाठी खोली तयार केली, पडदे बी लावले, कवा येऊन राहिल्या? मी म्हणलं, वाघ पाहा तुमी.

९ एप्रिल

झाडं माना टाकून आहेत. उन्हाचं झाडं झोपतातच. मृगात उठतील.

१३ एप्रिल

बस. सिटी बस फाट्यापर्यंत येते, अकोला रोडवर. तथून आपल्या कमानीपर्यंत पायी. सिटी बसच्या साहेबाले भेटायले मी, डोमाजी अन् मॅडम गेलो. मॅडमनं अर्ज वाचून दाखवला, त्यात "नम्र" हा शब्द लय वेळा होता. साहेब म्हणे रस्ता पाहू मंग सांगू. दुपारी एक माणूस येऊन पाहून गेला. म्हणे हा रस्ता नाही, गाडवाट आहे, बसचं पोट घासेल.

डोमाजीनं त्याले कोपऱ्यात घेतलं. दोघं एका डेपोचे निघाले. तंबाखू झाली, शिव्या झाल्या, जुन्या कंट्रोलरले नावं ठेवून झाले. मंग तो म्हणे रस्ता उंच करा, पक्का करा, मी बस आणून देतो.

आता कुलदीपच्या मांगं लागायचं. त्याच्या ऑफिसात एसी आहे.

२९ एप्रिल

कुलदीप हरला. रोज जाऊन बसली त्याच्या ऑफिसात. मी काही बोलत नव्हती, नुसती फल्ली सोलत बसे अन् त्याच्या गिऱ्हाईकाले विचारे, कोणता प्लॉट दाखवला रे बाबू तुले? चौथ्या का पाचव्या गिऱ्हाईकाले मी सांगतलं का तुह्या प्लॉटवर आमी मेलेली जनावरं पुरत होतो. त्याच दिवशी कुलदीप म्हणे काकू, तुमी घरी राहा, गिट्टी उद्या पाठवतो.

गिट्टी आली, वरून मुरूम, वरून पुन्हा गिट्टी. रस्ता असा उंच झाला का आता माह्या खिडकीच्या चौकटीले लागते. काय शोभा सांगू! आधी लोक सरळ जात. आता रस्त्यावरून माह्याशी बोलायचं तर वाकावं लागते. आज डोमाजी वाकले, मॅडम वाकल्या, दूधवाला तर गुडघ्यावर बसला. म्हातारपणी एवढा मान क्वचित कोणाले भेटते.

श्यामले फोनवर सांगतलं. म्हणे आई, रस्ता घरापेक्षा उंच झाला का? मी म्हणलं घरापेक्षा नाही, खिडकीएवढाच.

१० मे

नालीबी झाली. रस्त्याच्या कडेनं, सिमेंटची. तिन्ही कामं हातात आली. मृगाले वेळ आहे अजून.

एक अडचण होती. लोकायच्या गाड्या. घर उंच, मधात नाली, गाडी आत जाईल कशी? मी तोडगा काढला, मलमा उरलाच होता. नालीवर टाका अन् रॅम्प करा. साऱ्यायनं केले. एकदम मजबूत. डोमाजीच्या रॅम्पवर तर ट्रक चढेल. मीबी केला, स्कूटी रागिणीची आहे. बाकीच्यायचे रॅम्प वर चढतात, माहा खाली उतरते. म्हाताऱ्या माणसाले उतरणं सोपं.

रागिणी म्हणे आजी, नालीत आता पाणी जाणार कसं, सारीकडं बूच मारले तुमी. मी म्हणलं पाण्याले वाट सांगावी लागत नाही. ती म्हणे तेच तर. मंग दार लावून अभ्यास करत बसली. परीक्षेचं टेन्शन.

१८ मे, संध्याकाळ

आजची गंमत. रागिणीनं सयपाकघरातून लिंबू उचललं, रस्त्यावर गेली, अन् डोमाजीच्या रॅम्पसमोर ठेवलं. म्हणे आजी, नुसतं पाहत राह. लिंबू आधी जागेवर हललं. मंग निघालं. रस्ता ओलांडला, बगिच्याच्या कडेनं वळलं, माह्या रॅम्पवरून उतरलं, ओसरीत आलं, अन् उंबरठ्याले टेकून थांबलं. मॅडमच्या घरासमोरून सोडलं, तेबी तथीच. कमानीपासून सोडलं, तेबी. तीन लिंबं एका रांगेत उंबरठ्यावर.

तेवढ्यात मॅडम वरून वाकून पाहून राहिल्या होत्या. दारात लिंबं पाहून पांढऱ्या पडल्या. शिकलेली बाई, पण म्हणे मनकर्णाबाई, कोणी केलं हो हे, ओलांडू नका! त्यायले समजवता समजवता पुरेवाट झाली. रागिणी म्हणे करणी नाही मॅडम, उतार आहे. मॅडमले करणीच जास्त पटली होती.

मले तर शुभ वाटलं. ले-आउटमधलं काही बी सोडा, ते माह्या दारी येते. याले लक्ष्मीचा पाय म्हणतात. लिंबायचं लोणचं घातलं.

१ जून, सकाळ

आज बस आली!

कमानीतून आत! माह्या दारासमोर! डोमाजीनं जुनी खाकी घातली होती, पोटावर बटन लागत नव्हतं. मॅडमनं नारळ वाढवला. मी हार घातला, हात पुरेना तर कंडक्टरनं उचलून धरलं. म्हणे आजी, तुमच्यासाठीच आणली बस. फोटो काढला, श्यामले पाठवला. श्यामनं अंगठा पाठवला. नुसता अंगठा. जळते.

मंग प्रश्न आला का बस वळेल कुठं. कोणाच्या ध्यानातच नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही कडेनं रॅम्प. ड्रायव्हर घामाघूम. डोमाजी म्हणे थांब बे, अन् हात दाखवत दाखवत बस बगिच्यात घेतली. काय वळली बाप्पा! एका दमात. ड्रायव्हर म्हणे असं ग्राउंड साऱ्या अमरावतीत नाही. ते आमच्या समितीचं काम आहे, असं मी सांगतलं.

जांभूळ गेलं. कडुनिंब दिसत नाही. पारिजात चाकाले लागला होता, फाट्यापर्यंत गेला असेल. पण तसेबी ते झोपलेलेच होते.

११ जून

बगिच्यात आता बस उभी राहते. सकाळी एक, दुपारी एक. ड्रायव्हर-कंडक्टर सावलीत डबा खातात, सावली बसचीच. लोक बसायले येतात. बगिचा म्हणजे शेवटी काय? लोकायनं येऊन बसलं पाहिजे. आजपासून बोर्ड लावला: नत्थुजी उद्यान. मॅडमनं अक्षर काढून देलं. कंडक्टर आता ओरडते, चला उद्यान, उद्यान, लास्ट स्टॉप.

ह्यायचं नाव एवढ्या जोरात कोणी घेतलं नव्हतं. खरं म्हणजे नाव नाही घेत, नुसतं उद्यान म्हणते. पण घेतल्यासारखंच.

२५ जून

पाऊस झाला. बरा झाला. श्यामचा फोन, पाणी आलं का? नाही आलं. रॅम्पच्या खाली थोडं थांबलं आहे. घरात नाही.

२६ जून

पायरी दिसत नाही. पण पायरी बाहेर असते.

रागिणीले म्हणलं फोटो पाठवू नको बापाले. म्हणे मी खोटं नाही बोलणार. मी म्हणलं खोटं बोल कोण म्हणते, फोटो काढायचा तर वरतून काढ, बगिच्याकडून, हिरवं दिसते.

४ जुलै

ओसरीत आलं. बोटभर. ओसरी म्हणजे काही घर नाही. ओसरीत चपला काढतात, घरात कोणी चपला काढते का? श्यामले सांगतलं का घर कोरडं आहे. ते खरंच आहे.

डोमाजी समोरून खाली पाहून म्हणे, मनकर्णाबाई, माह्या अंगणातलं पाणी बी तुमच्याकडंच येऊन राहिलं बरं का, आमाले तर थेंब नाही, तुमचा सल्ला कामी आला! मले बरं वाटलं. शेजारी सुखी तर आपण सुखी.

खुणेसाठी उंबरठ्यावर तीन विटा रचल्या. पाणी शहाणं असते, विटा पाहून परत जाते.

१२ जुलै

सयपाकघरात शिरलं, मांगून. मांगून म्हणजे मोरीतून. नालीतलं पाणी उलटं आलं. पण सयपाकघर नंतर वाढवलं आहे, पहिल्या नकाशात नव्हतं. सरकारी हिशोबात ते घरात धरत नाहीत. रागिणीले विचारलं, धरतात का? ती बादलीनं पाणी काढून राहिली होती. म्हणे आजी, मले काही विचारू नको.

स्टोव्ह ट्रंकेवर ठेवला. भाकर झाली. लोणचं मुरलं आहे, चांगलं झालं. लिंबायले पाणी भेटलं म्हणून की काय.

१३ जुलै

निश्चय: उन्हाळ्यात घर उंच करीन. आजकाल जॅक लावून अख्खं घर उचलतात म्हणे. डोमाजीनं मोबाइलवर पायलं आहे.

१८ जुलै, दुपार

कालपासून झोडपून राहिला. लाइट गेली. रागिणी सकाळी पाण्यातून कॉलेजात गेली, प्रॅक्टिकल आहे. जाता जाता म्हणे बाबाले फोन केला आहे मी. जन्माची गद्दार.

ओसरी गेली, सयपाकघर गेलं, मधली खोली बी ओली आहे. पण घर कशाले म्हणावं, हा विचार केला पाहिजे. भांडे ठेवतो ते काही घर नाही. टीव्ही ठेवतो ते बी नाही. घर म्हणजे जथी आपला देव आहे अन् जथी आपली झोपायची जागा आहे. ते या खोलीत आहे. अन् या खोलीत पाणी नाही. दाराच्या फटीत गोधडी दाबली आहे, नत्थुजीची, ती पाणी येऊ देत नाही. गोठ्यात बी ते हीच अंगावर घेऊन झोपत.

दिवाणावर बसून लिहून राहिली, खिडकीच्या उजेडात, पाय खाली सोडून, मजेत. बैलं अशेच बसत. श्याम आला तर म्हणीन, पाह्य बापू, थेंब नाही. बोली ती बोली.

१८ जुलै, नंतर

श्याम आला. गाडी फाट्यावर ठेवून आला. पँट गुडघ्याच्या वर दुमडली होती. दार लोटलं अन् दारातच उभा राहिला.

मी म्हणलं, या खोलीत थेंब नाही.

तो माह्याकडं पाहत राहिला. मंग म्हणे, आई, पाय वर घे.

म्हणलं काहून?

म्हणे घे वर.

खाली पायलं. पाणी घोट्याच्या वर होतं. गोधडी खोलीच्या मधात तरंगून राहिली होती. किती वेळची कोण जाणे. मले काही वाटलं नाही.

१९ जुलै

निघालो. श्यामची गाडी फाट्याहून आत आणता आली नाही, पण बस होती, बगिच्यात, वर, कोरडी. साऱ्या ले-आउटमंदी तेवढी एकच जागा बसले उभं राहायले. श्याम म्हणे बसनंच जाऊ फाट्यापर्यंत. मी त्याले म्हणलं पाह्य, बस कोणी आणली. तो म्हणे हो आई, तू आणली.

डोमाजीनं हात धरून चढवलं. साऱ्या बाया उभ्या, आपापल्या उंच ओट्यावर, कोरड्या. मॅडमच्या डोळ्यात पाणी. म्हणे मनकर्णाबाई, तुम्ही आग्रह केला नसता तर आमचीही हीच गत झाली असती. मी म्हणलं, समितीचं काम आहे मॅडम. अध्यक्षपद कोणाले द्यायचं ते नंतर ठरवू, मी येईनच परत.

रागिणी मांगं राहिली, तिची सोय मॅडमकडं झाली. ती रडून राहिली होती. तिले म्हणलं, रडू नको, माह्या डायरीत तुहा विरोध लिहून ठेवला आहे.

कंडक्टरनं घंटी मारली. बसच्या खिडकीतून माहं घर वरून दिसलं. तसं मी कधी पायलंच नव्हतं. गच्चीवर तुळशीचा डबा, अन् चारीकडून पाणी येऊन त्याच्या भोवती बसलं होतं, मुकाट, जसे बैलं बसत.

बडनेऱ्यापर्यंत आलो तवा श्यामले दिसलं का माह्या पायात एकच चप्पल आहे.

२४ जुलै, अकोला

तिसरा मजला. पडदे चांगले आहेत. सून चांगली आहे, सकाळचा चहा हातात आणून देते. घराची किल्ली श्यामनं टीव्हीच्या मांगं खिळ्याले अडकवली. तो विषय त्यानं काढला नाही, मीबी नाही.

अथी सोसायटीची मीटिंग झाली, गच्चीवर बगिचा करायचा म्हणे. मी गेली होती. सांगतलं, कडा उंच घ्या म्हणजे माती वाहून जाणार नाही. साऱ्यायले पटलं. गच्ची आपल्याच डोक्यावर आहे, लक्ष ठेवता येईल.

आज इकडंबी पाऊस येऊन राहिला. पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून. लाइट चालू होती, फरशी चकचक करून राहिली होती. तरी एकदा वाकून पायायले हात लावून पायला.

कोरडे होते. मंग वर घेतले.